जुनी लीव्हर-ॲक्शन रायफल घ्यायची तर आधी झीज वाचायला शिका

सॅव्हेज ९९ या रायफलच्या डाव्या अंगाला, रिसीव्हरच्या (नळीमागचा, यंत्र सामावणारा लोखंडी सांगाडा) पुढच्या टोकाशी, करंगळीच्या नखाहूनही लहान अशी एक खिडकी असते. आत पितळी फिरकी दिसते आणि तिच्यावर आकडा. एक काडतूस भरलं की फिरकी एक घर सरकते आणि आकडा वाढतो. चापाभोवतीची कडी म्हणजे लीव्हर; तो खाली ओढून परत मिटला की आकडा कमी होतो. आत किती काडतुसं उरली ते शिकाऱ्याने रायफल न उघडता बघावं, एवढ्यासाठी केलेली ही सोय. शंभर वर्षांपूर्वीच्या रायफलमध्येही ती बहुतेक वेळा आजही चोख चालते. लीव्हर-ॲक्शनचं वेड लागतं ते अशा बारीकसारीक गोष्टींमुळे.

मला मात्र ते वेड चुकीच्या दाराने लागलं. माझी पहिली रायफल होती विंचेस्टर ९४, काळीभोर, आरशासारखी चकचकीत. विकणाऱ्याने सांगितलं, आजोबांची आहे, कपाटातून बाहेरच काढली नाही. घरी आणून सकाळच्या उजेडात धरली तेव्हा दिसलं, की नळीवरची अक्षरं पावसात भिजलेल्या पाटीसारखी पुसट होती आणि रिसीव्हरच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. कोणीतरी ती बफच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकावर घासून नव्याने काळी केली होती. पैसे गेले, पण त्यातून एक गोष्ट कायमची डोक्यात बसली: जुन्या रायफलमध्ये चकाकी बघायची नसते, झीज बघायची असते. झिजेच्या प्रत्येक खुणेला कारण हवं, आणि सगळ्या खुणा एकमेकींशी जुळायला हव्यात. पुढचं सगळं त्याच धाग्याने जाणार आहे.

कोणती घ्यायची

शिकारीच्या अमेरिकन लीव्हर-ॲक्शन रायफलींमध्ये नवख्याने तीन घराण्यांकडे बघावं: विंचेस्टर, मार्लिन आणि सॅव्हेज.

विंचेस्टर ९४ ची रचना जॉन ब्राउनिंगची. १८९४ साली ती बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी धूरविरहित दारूचं थर्टी-थर्टी काडतूस आलं. हरणाच्या शिकारीची ही अमेरिकेतली घरोघरची रायफल. सत्तर लाखांहून जास्त बनल्या. दहा लाखावी रायफल १९२७ साली राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट दिली होती. त्यामुळे ‘९४ आहे’ एवढ्याने काही दुर्मीळ होत नाही. किंमत ठरते ती कोणत्या काळातली आणि कोणत्या अवस्थेतली यावर. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवण्यासाठी आतले काही भाग पत्र्यातून ठोकून काढायला सुरुवात केली, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना आल्या आणि रिसीव्हरचा धातूही बदलला. म्हणून ‘प्री-सिक्स्टीफोर’ हा शब्द तुम्हाला प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी ऐकू येईल. सीरियल नंबर सत्तावीस लाखांच्या पुढचा असेल तर ती बदलानंतरची. ती वाईट नेम मारते असं नाही, पण संग्राहक तिच्यामागे लागत नाहीत.

मार्लिन ३३६ ही १९४८ ची, म्हणजे तिघींत धाकटी. तिच्याआधीची १८९३ ही खरी जुनी. मार्लिनचं टरफल बाजूने बाहेर पडतं आणि रिसीव्हर वरून बंद असतो. लीव्हरचा एक स्क्रू काढला की लीव्हर आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) हातात येतात आणि नळी मागून साफ करता येते. ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण नळी बघायची वेळ येईल तेव्हा तिचं महत्त्व कळेल.

आणि सॅव्हेज. इथे मी पक्षपाती आहे, आधीच सांगतो. आर्थर सॅव्हेज जन्माने जमैकाचा, कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी. त्याची १८९५ ची पहिली रायफल मार्लिनने बनवून दिली, मग १८९९ चं मॉडेल आलं आणि पुढे तेच ‘९९’ म्हणून जवळजवळ शतकभर चाललं. बाहेर हॅमर, म्हणजे काडतुसावर आघात घडवणारा हातोडा, नाही, नळीखाली मॅगझिनची, म्हणजे काडतुसं साठवायची, नळकांडी नाही. बाकी बहुतेक लीव्हर रायफलींत काडतुसं एकामागे एक, एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाला टेकून बसतात. त्यामुळे टोकदार गोळी वापरली आणि धक्क्याने तिच्या टोकाखाली पुढच्या काडतुसाची टोपी (बुडातली, आघाताने पेटणारी) फुटली तर अनर्थ. म्हणून तिथे चपट्या नाकाची गोळी. सॅव्हेजने काडतुसं फिरकीत गोल मांडली, तेव्हा टोकदार गोळी चालली, आणि टोकदार गोळी म्हणजे लांबवर सपाट मारा. १९१५ साली चार्ल्स न्यूटनने बेतलेलं .२५०-३००० काडतूस आलं. त्यातला तीन हजार हा आकडा सेकंदाला तीन हजार फूट या वेगाची जाहिरात होती. १९२० साली आलेलं .३०० सॅव्हेज तर हरणांच्या रानात दशकानुदशकं पुरलं.

एक सावधगिरी खास आपल्या लोकांसाठी. सॅव्हेजच्या नळीवर ‘.३०३ सॅव्हेज’ दिसलं की आपल्याला पोलिसांची थ्री-नॉट-थ्री आठवते. ते काडतूस वेगळं, हे वेगळं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, आणि चालवून बघायचं तर मुळीच नाही.

पहिलीच घेत असाल आणि कधीमधी रेंजवर न्यायची इच्छा असेल तर थर्टी-थर्टीची विंचेस्टर किंवा मार्लिन घ्या, काडतुसं कुठेही मिळतात. नुसती बघायला, हाताळायला आणि समजून घ्यायला हवी असेल तर सॅव्हेज.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण चुकलात तर तुरुंग आहे. अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराकडून रायफल घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. या फॉर्मवर खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी, पण आपल्या नावावर घेणं हाही. ग्रीनकार्डधारकाला विकत घेता येते. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार-परवाना असण्यासारखे अपवाद आहेत, पण ते मित्राच्या सांगण्यावरून नव्हे, वकिलाला विचारून ठरवा.

१८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ‘अँटिक’ ठरते आणि तिला हे नियम लागत नाहीत. पन्नास वर्षांहून जुन्या रायफलींसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांचे तीस डॉलर. तो असला की दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून अशी जुनी रायफल थेट घरी मागवता येते, मात्र प्रत्येक खरेदीची वहीत नोंद ठेवावी लागते. परवाना नसेल तर राज्याबाहेरून मागवलेली रायफल तुमच्या राज्यातल्या दुकानदाराच्या हातूनच यावी लागते. राज्याराज्यांचे नियम याच्या वर, आणि ते बरेच वेगळे असू शकतात. अमेरिकेत घेतलेली रायफल ‘आठवण म्हणून’ भारतात नेण्याचा विचार असेल तर तो इथेच सोडा. तिकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागतो आणि विनापरवाना आणणं गुन्हा आहे.

शोधताना

गन शो, जुन्या मालाची दुकानं, लिलाव, घरातलं सामान विकणारे वारस. ऑनलाइन लिलावात निवड भरपूर, पण फोटोत झीज खोटं बोलते. घ्यायचंच असेल तर विक्रेत्याकडून सात-आठ फोटो नेमके मागा: रिसीव्हरच्या दोन्ही बाजू, नळीवरची अक्षरं अगदी जवळून, स्क्रूंची डोकी, नळीचं तोंड, दस्ता (खांद्याला टेकणारं लाकूड) जिथे रिसीव्हरला भिडतो ती रेघ आणि दस्त्याच्या मागची पट्टी. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढच्याकडे जा. किती दिवसांच्या तपासणीनंतर परत घेणार, हेही आधी लेखी विचारा.

बरोबर एक छोटा टॉर्च, भिंग, मोजपट्टी, कापसाच्या काड्या, नळीत घालायचा दिवा आणि रायफलच्या मापाची नकली काडतुसं ठेवा. डोक्यात न ठेवता वहीत लिहा. तिसऱ्या टेबलापर्यंत पहिली रायफल कशी होती ते आठवत नाही, हा स्वानुभव.

हातात घेतल्यावर पहिलं काम

नळी कोणाकडेही न वळवता लीव्हर पूर्ण उघडायचा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. नळकांडी मॅगझिन असलेल्या रायफलमध्ये एखादं काडतूस आत अडकून राहू शकतं, म्हणून फक्त चेंबर रिकामं दिसलं म्हणजे झालं असं नाही. मॅगझिनचा फॉलोअर, म्हणजे काडतुसं ढकलणारा तुकडा, डोळ्यांनी दिसला पाहिजे. विक्रेत्याने ‘रिकामी आहे’ म्हटलं तरी हे करायचंच. चाप ओढून बघण्याआधी परवानगी घ्यायची. इथे लाजायचं कारण नाही, उलट जाणता विक्रेता तुम्हाला यावरूनच ओळखतो.

लोखंड काय सांगतं

आता खिडकीशी किंवा दिव्याखाली जा आणि रायफल आडवी, तिरकी धरून फिरवा. लोखंडावरचा निळसर काळा थर म्हणजे ब्ल्यूइंग. तो झिजतो कुठे? शिकारी रायफल एका हाताने तोलाच्या जागी धरून चालतो. विंचेस्टरमध्ये ती जागा रिसीव्हरच्या पोटाशी येते, म्हणून तिथला निळा रंग उडून राखाडी होतो. लीव्हरच्या आतल्या वळणाला बोटं घासतात. नळीचं टोक घोड्याच्या खोगिराला लावलेल्या चामडी म्यानात घासतं. रिसीव्हरच्या धारदार कडा आधी उघड्या पडतात. ही झीज सावकाश विरत जाते, मध्येच तुटत नाही. हाताची जागा झिजलेली, कडा झिजलेल्या, पण खोबणीत आणि कोनाड्यांत रंग शाबूत: ही प्रामाणिक रायफल.

उलट, पोटाखाली तळहाताची झीज नाही, पण दस्त्यावर शंभर ओरखडे आहेत, असं दिसलं की थांबा. रायफल कपाटात होती तर दस्ता कुठे खरवडला? आणि रानात होती तर लोखंड कोरं कसं?

नव्याने काळी केलेली रायफल ओळखायला चार खुणा पुरतात. कडा गोल. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा हलका खोलगा, कारण बफचं चाक भोकाच्या कडा खाऊन जातं. अक्षरं आणि शिक्के उथळ, काही ठिकाणी अर्धे. आणि रंगाखाली गंजाचे जुने खड्डे. खड्ड्यातही ब्ल्यूइंग दिसलं तर ते खड्डा पडल्यानंतर चढवलंय, दुसरा अर्थ निघत नाही. शिवाय कारखान्यात जे भाग वेगळ्या रंगाचे होते ते बघा. जुन्या मार्लिन १८९३ चा रिसीव्हर तेलाच्या तवंगासारखा रंगीबेरंगी, केस-हार्डन (वरचा थर तापवून कडक) केलेला असायचा. तो सलग काळा असेल तर विचारा, का?

पण एक अपवाद लक्षात ठेवा, नाहीतर चांगली रायफल हातची जाईल. पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून पुढची काही वर्षं विंचेस्टरच्या रिसीव्हरच्या पोलादावर ब्ल्यूइंग नीट धरत नव्हतं, पापुद्रे निघून जायचं. त्या काळातल्या रायफलची नळी गडद निळी आणि रिसीव्हर मात्र राखाडी-तपकिरी, ठिगळांसारखा, अशी जोडी दिसते. नवखा म्हणतो, नळी बदललीय. जाणता म्हणतो, वा, कोणी हात लावलेला नाही! तसंच १९६४ नंतरच्या ९४ च्या रिसीव्हरवर नेहमीच्या पद्धतीने ब्ल्यूइंग चढतच नाही, त्यामुळे त्यांतल्या दुरुस्त केलेल्या रिसीव्हरचा रंग बऱ्याचदा जांभळट किंवा भलताच निघतो.

स्क्रूंची डोकी भिंगातून बघा. खाच सरळ, कडा शाबूत, तर आत कोणी शिरलेलं नाही. खाच विस्कटलेली, डोक्याला मोठ्या स्क्रूड्रायव्हरने ओढलेल्या रेघा, तर कोणीतरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून ती उघडलीय. एकवेळ एखादा स्क्रू चालेल. सगळेच तसे असतील तर आतही तसंच समजा.

मग भोकं. जुन्या रायफलवर दुर्बीण बसवण्यासाठी नंतर पाडलेली भोकं ही संग्राहकाच्या दृष्टीने सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. ती परत भरता येतात, पण पुसता येत नाहीत. सॅव्हेज आणि मार्लिन दोघींनाही १९५० च्या दशकात कारखान्यातूनच वरच्या बाजूला भोकं यायला लागली, म्हणून रायफलचं वय आणि भोकं जुळतात का ते बघा. कारखान्याची भोकं एका रेषेत आणि ठरलेल्या अंतरावर. घरची किंचित वाकडी.

लाकूड

दस्ता अक्रोडाचा. कारखान्यातून येताना लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच असायचं. नखाचं टोक लाकडावरून लोखंडावर सरकवा: नख खाली उतरलं तर ठीक. वर चढलं, म्हणजे लाकूड लोखंडापेक्षा खोल गेलंय, तर ते पॉलिशपेपरने घासून नवं केलंय. नक्षीदार पकड असेल तर तिची टोकं अजून बोटाला टोचतात का ते बघा.

सॅव्हेजमध्ये एक ठरलेलं दुखणं आहे. दस्ता रिसीव्हरला जिथे टेकतो तिथे लाकडाचे तंतू उघडे असतात. वर्षानुवर्षं रायफल नळी वर करून कोपऱ्यात उभी राहिली, की आतलं तेल झिरपत तिथे जमतं, लाकूड काळवंडून मऊ होतं, आणि झटक्याने वरच्या टँगच्या (रिसीव्हरची दस्त्यात शिरलेली पट्टी) मागे बारीक चीर जाते. ती चीर केसाएवढी असते. अंगठ्याने दस्ता थोडा दाबून, टॉर्च तिरका धरून बघा. दुरुस्ती होते, पण किंमत त्या हिशेबाने लावा.

मागच्या टोकाला नंतर बसवलेलं रबर दिसलं तर दस्ता कापलेला असण्याची शक्यता मोठी. चीर आणि कापलेला दस्ता यांपैकी एक निवडायची वेळ आलीच, तर मी चिरेवाली घेईन. चीर जुळते, कापलेलं लाकूड परत येत नाही.

नळी आणि यंत्र

नळीत दिवा घालून तोंडातून बघा. काळं दिसलं की लगेच खराब म्हणू नका. परवानगी घेऊन एक कापडाचा तुकडा फिरवा आणि पुन्हा बघा. कित्येकदा ती नुसती पन्नास वर्षांची धूळ आणि सुकलेलं तेल असतं. रायफलिंगच्या पिळदार खाचा धारदार हव्यात. १९२० च्या दशकाअखेरीपर्यंतच्या काडतुसांच्या टोप्यांमधून नळीत मिठासारखा क्षार उरायचा, तो हवेतलं पाणी ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी नळी न धुणाऱ्याला शिक्षा व्हायची. त्या काळातल्या रायफलीत म्हणूनच खड्डे नेहमीचे. थोडे असतील तर नेम बिघडत नाही, किंमत बिघडते. नळीत एका जागी काळी गोल सावली, कड्यासारखी, दिसली आणि बाहेरून बोट फिरवल्यावर तिथेच फुगवटा लागला, तर मात्र रायफल परत टेबलावर ठेवा. आत काहीतरी अडकलेलं असताना ती उडवलेली आहे.

नळीच्या तोंडाची कडा कापसाच्या काडीने चाचपा. धागे कुठे अडकतात ते कळेल. विंचेस्टर आणि सॅव्हेज मागून साफ करता येत नाहीत, गज तोंडातूनच घालावा लागतो. शंभर वर्षं बेफिकिरीने गज घासला की तोंडाच्या कडा लंबगोल होतात आणि तिथेच नेम जातो. मार्लिनच्या त्या एका स्क्रूचं महत्त्व ते हेच.

लीव्हर सावकाश चालवा. मधेच खरखर नको, शेवटी ठाम बसायला हवा. ९४ चा हॅमर अर्ध्यावर ठेवून चाप हलकेच ओढा. हॅमर सुटता कामा नये. सॅव्हेजमध्ये बोल्टची मागची बाजू वर उचलली जाऊन रिसीव्हरला टेकते. लीव्हर बंद करताना ती हालचाल डोळ्यांनी बघा, तिथे फार झीज असेल तर हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा) तपासल्याशिवाय काही ठरवू नका. नकली काडतुसं घालून प्रत्येक बाहेर पडतं का आणि खिडकीतला आकडा बरोबर उतरतो का ते बघा.

नंबर आणि शिक्के

विंचेस्टरच्या नळीवर आणि रिसीव्हरवर लंबगोलात ‘डब्ल्यूपी’ असा प्रूफचा, म्हणजे कारखान्यात चाचणी झाल्याचा, शिक्का येतो. एकावर आहे, दुसऱ्यावर नाही, तर भाग बदललेला असू शकतो. मात्र सगळ्यात जुन्या रायफलींवर तो शिक्का नसतोच. बऱ्याच जुन्या सॅव्हेजमध्ये सीरियल नंबर दस्त्याच्या मागच्या पट्टीखाली लाकडावरही ठोकलेला असतो. विक्रेत्याला विचारून ते दोन स्क्रू काढले आणि आत तोच नंबर दिसला, की दस्ता जन्मापासूनचा आहे हे नक्की. १९४९ पासूनच्या सॅव्हेजमध्ये लीव्हरच्या बिजागरीपाशी बारीक वर्तुळात एक अक्षर असतं; ‘ए’ म्हणजे १९४९, मग पुढे एकेक.

जुन्या विंचेस्टर आणि मार्लिनच्या कारखान्याच्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी गावच्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये आहेत. सुरुवातीच्या नंबरांसाठी शुल्क भरून पत्र मिळतं: रायफल कोणत्या काडतुसाची, कोणत्या लांबीच्या नळीची, कोणत्या तारखेला गोदामातून निघाली. महागड्या रायफलवर ‘खास ऑर्डर’ असा दावा असेल तर पत्राशिवाय त्या दाव्याला शून्य किंमत द्या. आजोबांच्या गोष्टीलाही तेवढीच.

भाव

संग्राहक मूळ रंग किती टक्के उरला यावर बोलतात: साठ टक्के, ऐंशी टक्के. विक्रेता ज्याला नव्वद म्हणतो ती बहुधा पंचाहत्तर निघते. लोक किती मागतात ते बघू नका. लिलावांत तशाच रायफली प्रत्यक्ष कितीला गेल्या ते वीसेक तरी निकाल बघून वहीत लिहा. मूळ साठ टक्क्यांची रायफल आणि नव्याने काळी केलेली चकचकीत रायफल यांत मी डोळे मिटून पहिली घेतो.

घरी आणल्यावर

आधी काहीच करू नका. फोटो काढा, नंबर लिहून ठेवा, कापडाने पुसा. माझ्याकडून एकदा झालेला मूर्खपणा सांगतो: तपकिरी डाग गंज समजून बारीक स्टीलवूल आणि तेल घेऊन बसलो, आणि अर्ध्या तासात साठ वर्षांची सुंदर तपकिरी साय खरवडून पांढरं लोखंड बाहेर काढलं. तपकिरी आणि गुळगुळीत म्हणजे साय. ती राहू द्या. नारिंगी आणि बोटाला लागणारा तो गंज. त्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि तांब्याच्या तुकड्याने हलकेच खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही.

नंतर लोखंडावर तेलाचा अगदी पातळ हात, किंवा रेनेसान्स वॅक्ससारखं संग्रहालयात वापरतात ते मेण. लाकडाला जवसाचं तेल पाजत बसू नका. नळी साफ करताना तोंडाशी पितळी मार्गदर्शक लावा. सॅव्हेजची फिरकी घरी उघडू नका. तिची स्प्रिंग किती पिळून ठेवायची ते कळलं नाही तर आकडेही गेले आणि काडतुसं वर येणंही.

कपाटात रायफल नळी खाली करून ठेवा, म्हणजे तेल लाकडाकडे झिरपत नाही. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत कायमची ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास बरी. कुलूप अर्थातच, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

उडवायची असेल तर आधी जाणत्या गनस्मिथकडून हेडस्पेस आणि चेंबर तपासून घ्या, नळीवर लिहिलंय तेच काडतूस कारखान्याच्या साध्या भरणीचं वापरा, आणि नळकांडी मॅगझिनमध्ये चपट्या नाकाची किंवा रबरासारख्या मऊ टोकाची, त्याच कामासाठी बनवलेली गोळी. पहिल्या फैरी एकेक भरून.

आणि बघताना

माझी सॅव्हेज १९५० च्या दशकातली आहे. घेतली तेव्हा दस्त्याच्या खाली मनगटाच्या जागी एक आणि पुढच्या लाकडाखाली एक, अशा दोन बोटभर रुंदीच्या घासल्याच्या खुणा होत्या. पट्ट्याच्या नव्हेत, कारण पट्टा अडकवायच्या कड्याच तिला कधी बसवलेल्या नव्हत्या. बरेच दिवस उलगडा होईना. एका रविवारी खिडकीत धरून फिरवत होतो तेव्हा दिसलं, की दस्त्याची उजवी बाजू डावीपेक्षा एक छटा फिकी आहे, उन्हाने विटलेल्या पडद्यासारखी. मग ट्यूब पेटली. ती कोणाच्या तरी पिकअप ट्रकच्या मागच्या काचेला दोन आकड्यांवर टांगलेली असणार, वर्षानुवर्षं, त्याच बाजूने. दोन खुणा आकड्यांच्या, आणि फिका रंग काचेतून आत येणाऱ्या उन्हाचा. खिडकीतल्या पितळी फिरकीवर तेव्हा शून्य होतं. बोटांचे ठसे पुसले आणि नळी खाली करून ठेवून दिली.